मुंबईच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा गणपती बसवताना

वन बीएचकेत गणपती बसेल का, असं विचारलंत. अगदी छान बसतो! दीड दिवसापासून सुरुवात करा.

सगळ्यात महत्त्वाची मूर्ती. शाडूचीच घ्या, आठ-नऊ इंचांची पुरे, आणि श्रावण लागताच कारखान्यात नोंदवून टाका. शाडू जड आणि नाजूक असते, म्हणून आणताना खाली पाट घेऊन बैठकीला आधार द्या. हाताला किंवा सोंडेला धरून उचलू नका. पहिल्या वर्षी आमच्या मूर्तीचं बोट असंच गेलं, फार जिवाला लागलं होतं. एवढ्या लहान मूर्तीचं विसर्जन घरी बादलीत होतं. नाहीतर महापालिकेचा जवळचा कृत्रिम तलाव आधीच बघून ठेवा.

नवखे हमखास इथे चुकतात:

- ऐन चतुर्थीच्या सकाळी दादरला फुलांसाठी धावतात. दुर्वा आणि जास्वंद घराजवळच्या फुलवाल्याला आधी सांगून ठेवा.
- गुरुजी शेवटच्या आठवड्यात शोधतात. नाही मिळाले तर पोथी समोर ठेवून स्वतः पूजा करा, मनापासून केलेली चालते.
- थर्माकोलचं मखर आणतात. राज्यात २०१८ पासून त्यावर बंदी आहे. कापडाचा पडदा आणि फुलांच्या माळा लावा.

उकडीचे मोदक जमले नाहीत तर विकत आणा. गौरींचं पुढच्या वर्षी बोलू. आरतीला मात्र शेजाऱ्यांना नक्की बोलवा.