दरबारी नृत्य करमणूक होती, मग ते कला कधी ठरलं?

तुमचा प्रश्न असा, की प्रबोधनकाळातल्या इटलीत मेजवानीनंतर राजेरजवाडे नाचायचे, त्याला कला कोणी आणि कधी म्हटलं. माझ्या मते हे घडलं १४५० च्या आसपास, आणि घडवलं नृत्यगुरूंनीच.

फेरारा शहराच्या एस्ते घराण्याच्या दरबाराशी जोडलेले दोमेनिको दा प्याचेंझा यांनी नृत्यावर ग्रंथ लिहिला आणि त्यात अ‍ॅरिस्टॉटलचा आधार घेतला: ना अति, ना उणं, मध्य साधणं हाच सद्गुण. त्यांचे शिष्य गुल्येल्मो एब्रेओ यांनी १४६३ मध्ये पुढचा मुद्दा मांडला. विद्यापीठांत शिकवल्या जाणाऱ्या सात विद्यांमध्ये संगीत होतं, नृत्य नव्हतं. गुल्येल्मो म्हणतात, संगीत कानांवाटे मनात उतरतं आणि तेच अंगातून बाहेर येतं, ते नृत्य. म्हणजे संगीताचा मान नृत्यालाही मिळायला हवा. हा युक्तिवाद मला फार आवडतो.

नुसता दावाही नव्हता. चांगल्या नर्तकाकडे काय हवं, हे त्यांनी नेमकं सांगितलं: लय, स्मरणशक्ती, दालनातल्या जागेचा अंदाज, अंगाचा हलकेपणा. शिवाय परीक्षा होती. वादकाने नर्तकाला लयीतून पाडायचा प्रयत्न करायचा आणि नर्तकाने ठाम राहायचं! मी कथक शिकले आहे. तबलजी आडीत, म्हणजे मूळ लयीला छेद देणाऱ्या लयीत, शिरला की पाय कसे डळमळतात हे मला ठाऊक आहे, त्यामुळे हे वाचताना अंगावर काटा आला.

दोमेनिको तर उपमांतून शिकवतात. शांत समुद्रात लाटांवर गोंडोला सावकाश वर चढते आणि चटकन खाली येते, तशी चाल हवी. मध्येच, जिला पाहताच माणूस दगड होतो त्या ग्रीक पुराणकथेतल्या मेडुसाचं मस्तक दिसल्यासारखं दगड व्हायचं, आणि पुढच्या क्षणी ससाण्यासारखी झेप घ्यायची.

त्यांच्या ‘मेर्कान्त्सिया’ या रचनेत एक स्त्री आणि तीन पुरुष असतात. ती एकाकडून दुसऱ्याकडे वळत राहते. पावलांतून स्वभाव उभा राहतो, ही करमणुकीच्या पुढची गोष्ट आहे. आणि गुल्येल्मो आपल्या ग्रंथात अशा रचना उतरवताना ‘ही दोमेनिको यांची’ असं नाव घालून लिहितात. नाचाला कर्त्याचं नाव मिळालं, ते इथे.