पित्ताच्या गोळीतलं दुसरं औषध

या खेपेला निम्म्याहून जास्त पत्रं पित्ताच्या गोळीबद्दल आहेत. छातीत जळजळ, करपट ढेकर, चार घासांत पोट तट्ट. यावर आपल्याकडे बहुधा दोन औषधं एकत्र असलेली गोळी मिळते: आम्ल कमी करणारं पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल, आणि जठरातलं अन्न पुढे सरकवणारं डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड. पट्टीवर कंपनीचं नाव ठळक आणि ही नावं बारीक अक्षरांत असतात. चष्मा लावून वाचा, कारण भानगड बहुतेक वेळा त्या दुसऱ्या नावाची असते.

माझं वय ६४. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल-डोम्पेरिडोनची कॅप्सूल दिली. रोज सकाळी चहा-बटर झालं की घेतो. मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी मागत नाही. चालू ठेवू ना? (देवगड)

डॉक्टरांना न विचारता नको. डोम्पेरिडोन वर्षानुवर्षं घ्यायचं औषध नाही. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये त्यावर मर्यादा घातली: मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम, आणि तेही साधारणपणे आठवड्यापेक्षा जास्त नाही. कारण हृदयाची लय बिघडण्याचा धोका. साठी ओलांडलेल्यांत आणि ३० मिलिग्रॅमच्या वर तो वाढतो. आपल्याकडच्या अनेक कॅप्सूलमध्ये सावकाश विरघळणारं ३० मिलिग्रॅम डोम्पेरिडोन असतं, म्हणजे दिवसाचा वाटा एकीतच संपला. रात्री मटण झालं म्हणून आणखी एक, हे चालत नाही.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. पॅन्टोप्राझोलसारखी औषधं वर्षभराहून जास्त चालली तर काहींच्या रक्तातलं मॅग्नेशियम उतरतं. रक्तदाबासाठी लघवीची गोळी असेल तर पोटॅशियमही उतरू शकतं. या दोन्हींनी डोम्पेरिडोनचा हृदयावरचा धोका वाढतो. त्यामुळे भेटीत ईसीजी आणि या तपासण्यांचं विचारा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या.

वेळही चुकतेय. ही कॅप्सूल उपाशीपोटी, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची, आणि चहा-बटर ही न्याहारीच. ती फोडून किंवा चावून घेऊ नका. पॅन्टोप्राझोल एकदम सोडलं तर काही दिवस आम्ल उसळून येतं आणि माणूस घाबरून पुन्हा सुरू करतो, म्हणून ते कसं कमी करायचं हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. मात्र चक्कर येऊन पडलात किंवा छातीत धडधडलं तर त्याच दिवशी दाखवा. छातीत दाब, घाम, हात किंवा जबड्यात कळ असेल तर ते पित्त समजून गोळी शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

पावसात मांड्यांना नायटा झाला. त्वचेच्या डॉक्टरांनी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल दिल्या. डोम्पेरिडोनवाली पित्ताची गोळी रोज चालू आहे, ते सांगायचं राहिलं. महिना झाला तरी नायटा हटत नाही. (राजापूर, वय ३८)

कोकणात आषाढ-श्रावणात ओले कपडे अंगावरच वाळतात, त्यामुळे ही जोडी मला फार दिसते. तुमचं दोन्हीकडून नुकसान होतंय. इट्राकोनाझोलची कॅप्सूल नीट शोषली जायला जठरात आम्ल लागतं, आणि तुमची गोळी नेमकं तेच कमी करते. नायटा न हटण्याचं हे एक कारण असू शकतं. उलट इट्राकोनाझोल यकृतातलं डोम्पेरिडोन मोडण्याचं काम अडवतं, त्यामुळे ते रक्तात साचतं. ही दोन एकत्र घ्यायचीच नसतात. आजच दोघांपैकी एका डॉक्टरांना फोन करा. फ्लुकोनाझोल, आणि एरिथ्रोमायसिन-क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्सही डोम्पेरिडोनसोबत न घ्यायच्या यादीतली.

आई ७१ वर्षांची. सहा महिने रॅबेप्राझोल-लेव्होसल्पिराइड घेतेय. हात थरथरतात, चालणं मंदावलं, चेहरा मख्ख झालाय. शेजारी म्हणतात कंपवात. (गुहागर)

असेलही, पण आधी गोळीवर संशय घ्या. लेव्होसल्पिराइड मेंदूतही पोहोचतं आणि तिथल्या डोपामिनला, म्हणजे हालचाली नीट चालवणाऱ्या रसायनाला, अडवतं, त्यातून हुबेहूब कंपवातासारखं चित्र उभं राहतं. उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडचंही तसंच. त्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये सर्वांत कडक इशारा छापायला लावला: १२ आठवड्यांपलीकडे देऊ नये, कारण तोंड-जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचाली कायमच्या राहू शकतात. याच आठवड्यात पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ‘हे गोळीमुळे असेल का?’ असं स्पष्ट विचारा. औषध थांबवल्यावर बऱ्याच जणांत काही आठवड्यां-महिन्यांत फरक पडतो. हा उलगडा होण्याआधीच कंपवाताची गोळी सुरू झाली, तर एका औषधाचं दुखणं दुसऱ्या औषधाने झाकल्यासारखं होईल.

लावणीच्या दिवसांत लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप होऊ नये म्हणून आठवड्याला डॉक्सीसायक्लिन घेतो. त्याने छातीत जळतं. सोबत पित्ताचं गुलाबी औषध घेऊ? (कणकवली)

सोबत नको. त्यातल्या ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियमला डॉक्सीसायक्लिन चिकटतं आणि अंगी लागत नाही. जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत, बसून घ्या आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नका. झोपताना घोटभर पाण्यावर गिळलेली गोळी अन्ननलिकेतच अडकून जखम करते.

सोलकढीने पित्त शमतं ना? (मालवण)

शमत असेल तर वाटीभर प्या. पण पोट सावकाश रिकामं होत असेल तर नारळाचं दाट दूध ते आणखी सावकाश करतं, आणि आमसुलाचा आंबटपणा काहींना जळजळतो. तिरफळाच्या तिखल्यावर, रात्री दहाला, भाताच्या डोंगरासोबत प्यायलात तर दोष सोलकढीला देऊ नका. जेवून तीन तासांनी झोपा, शक्यतो डाव्या कुशीवर.

मुलगा मच्छीमारी बोटीवर असतो. जेवणाआधीची गोळी विसरला तर पुढच्या वेळी दोन घ्याव्यात का? (हर्णै)

नाही. राहिली ती राहिली, पुढची नेहमीच्या वेळी. आणि बोट लागू नये म्हणून तो प्रोमेथाझिन घेत असेल तर डॉक्टरांना सांगा. त्यासोबत मेटोक्लोप्रामाइड असेल तर गुंगी वाढते, आणि डेकवर ती परवडत नाही.