पत्रा उघडा पडलाय? मग आधी प्रायमर, रंग नंतर

गाडीच्या बॉनेटला टू-के (हार्डनर, म्हणजे कडक करणारा द्रव मिसळून मारायचा) प्रायमर मारला, पावसामुळे पंधरा दिवस काम लटकलं, आता घासताना कडेला दोन ठिकाणी पत्रा दिसतोय आणि पेंटर म्हणतो, "बेस कोट, म्हणजे रंगाचा थर, दाबून मारू, झाकलं जाईल." नाही जाणार. रंगाखाली रंग लपतो, कड लपत नाही. वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक चकचकीत थर, चढला की तीच कड आरशात दिसावी तशी दिसते. शिवाय बेस कोट उघड्या पत्र्यावर धड धरत नाही, आणि गंजापासून तर मुळीच वाचवत नाही. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत तसा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो.

आधी एक तपासणी. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं प्रायमरवर अर्धा मिनिट दाबून ठेवा. रंग फडक्याला लागला, पृष्ठभाग मऊ पडला, तर तो वन-के (बिनहार्डनरचा) आहे किंवा हार्डनर नीट पडलेला नाही. अशावर पुढचं काम करूच नका, काढून टाका.

टिकला तर ठीक. पत्र्याभोवतीची कड ३२० नंबरच्या घासपेपरने उतरती करा, बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा, फक्त उघड्या पत्र्यापुरता इपॉक्सी प्रायमरचा हलका हात, आणि डब्यावर दिलेला वेळ गेल्यावर त्याच्या बाहेर पसरत जाणारे टू-केचे दोन कोट. पंधरा दिवसांचा प्रायमर पूर्ण कडक झालेला असतो, नवा कोट त्याला फक्त ओरखड्यांच्या जोरावर धरतो. म्हणून कोट जाईल तेवढा सगळा भाग आधी ३२०-४०० ने मॅट करून घ्या. दोन कोटांमध्ये चमक जाईपर्यंत थांबा. घाईत थिनर आत कोंडतो आणि महिन्याभराने प्रायमर आकसून खाली बसतो, ओरखडे वर येतात.

घासताना काळ्या स्प्रेचा अगदी विरळ थर द्या आणि रबरी ब्लॉक वापरा; नुसत्या बोटांनी नाल्या पडतात. ब्लॉक फिरल्यावर काळं राहिलं तो खड्डा, लगेच गेलं तो उंचवटा. उंचवट्यावर हात तिथेच थांबवा, हट्ट केला की पुन्हा पत्रा. ४०० ने सपाट, मग ६००, सिल्व्हरसारखा मेटॅलिक असेल तर ८००.

पाण्याचा पेपर? जुलैत मी टाळतो. प्रायमर आणि पुट्टी दोन्ही पाणी पितात, फोड नंतर उठतात. कोरडंच घासा, किंवा ओलं केलंत तर हॅलोजनने नीट सुकवून मगच पुढे.

राहिला सोसायटीच्या पार्किंगचा प्रश्न. घासकाम तिथे खुशाल करा, धुळीचा मास्क लावून. स्प्रे गन नको. हार्डनरमधलं आयसोसायनेट नाकाला रुमाल बांधून अडत नाही, आणि वरच्या मजल्यावरच्यांच्या खिडक्या उघड्या असतात. तेवढं काम स्प्रे बूथ (रंग मारायची बंद खोली) असलेल्या गॅरेजला द्या.