"नॉन-क्रिमीलेअर तीन वर्षांचं काढलेलं आहे" या तुझ्या ओळीबद्दल

तू टीवायबीएला आहेस म्हणून सरळ एकेरीत लिहिते, राग मानू नकोस.

तू विचारलंयस ते थोडक्यात असं: राज्यशास्त्रात बीए होतंय, माध्यम मराठी, राहायला विक्रोळीला. घरचे म्हणतात एमपीएससी कर नाहीतर बीएड. तुला एमए करायचंय, जमलं तर दिल्लीला किंवा हैदराबादला, आणि पुढे संशोधनाकडे जायचंय. वर बऱ्याच जणांनी वाटा सांगितल्यात, त्या मी परत उगाळत नाही. मी अडकले ते तुझ्या शेवटून दुसऱ्या ओळीपाशी. "कागदपत्रांचं टेन्शन नाही, नॉन-क्रिमीलेअर तीन वर्षांचं काढलेलं आहे." नॉन-क्रिमीलेअर म्हणजे मागासवर्गातलं आपलं घर 'उन्नत' गटात मोडत नाही असा, आरक्षणासाठी लागणारा दाखला. २०१६ साली मी भांडुपला आमच्या गॅलरीत उभी राहून मैत्रिणीला अगदी हेच सांगितलं होतं. त्यात माझं एक वर्ष गेलं. म्हणून हे एवढं लांबलचक.

आधी खुलासा. मी कुठल्या प्रवेश समितीवर नाही, वकीलही नाही. नियम दरवर्षी थोडेफार हलतात, त्या वर्षीचं माहितीपत्रक म्हणेल तेच खरं. मी सांगतेय ते माझ्यावर गुदरलेलं, आणि नंतर ओळखीतल्या पाच-सहा मुलांचे दाखले काढायला धावपळ करताना कळलेलं.

तुझ्याकडे जो दाखला आहे तो बहुधा राज्याच्या नमुन्यातला आहे. 'तीन वर्षांचं' म्हणतोयस किंवा म्हणतेयस त्यावरूनच कळतं, कारण तीन वर्षांचं उत्पन्न दाखवलं की तीन वर्षांची मुदत मिळते ती राज्याच्या दाखल्यालाच. कलिन्याला मुंबई विद्यापीठात एमएला, राज्याच्या सीईटी सेलमार्फत होणाऱ्या लॉ आणि बीएडच्या प्रवेशांना, एमपीएससीला तो चालतो. दिल्ली-हैदराबादला आहेत तशा केंद्रीय विद्यापीठांत चालत नाही. तिथे भारत सरकारच्या ओबीसी यादीप्रमाणे, केंद्राच्या ठरलेल्या नमुन्यात काढलेलं प्रमाणपत्र लागतं, आणि ते चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे बहुतेक ठिकाणी १ एप्रिलनंतर काढलेलं लागतं. आणि हे फक्त दिल्ली-हैदराबादपुरतं नाही. देवनारच्या टिसमध्ये, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, लोकलने जाऊन शिकायचं म्हटलं तरी ओबीसी कोट्यासाठी केंद्राचाच दाखला. प्राध्यापकी आणि संशोधनासाठीच्या यूजीसी नेट परीक्षेला तोच, यूपीएससीला तोच.

शिवाय राज्यातला प्रवर्ग आणि केंद्रातला प्रवर्ग एकच असेल असं नाही. आपल्याकडे भटक्या जमातींच्या गटांपैकी धनगर एनटी-सी आणि वंजारी एनटी-डी मध्ये, पण केंद्राच्या यादीत दोन्ही ओबीसी. एनटीचा दाखला हातात आहे म्हणून फॉर्मवर 'ओपन' टिक करून आलेली मुलं मी पाहिलीत. मराठा आरक्षणाचा एसईबीसीचा दाखला केंद्रीय संस्थेत चालत नाही, तिथे निकषात बसत असाल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), आणि तोही केंद्राच्या नमुन्यात, दरवर्षी नवा.

आता माझं सांगते. तेव्हा केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, सीयूईटी, नव्हती, प्रत्येक विद्यापीठाची प्रवेश परीक्षा वेगळी. दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठात ओबीसी यादीत माझं नाव लागलं. जुलैत कागदपत्रं तपासायला बोलावलं. रात्रभर जनरल डब्यातून जाऊन सकाळी थेट रांगेत उभी राहिले. टेबलामागच्या बाई एकेक कागद उचलून त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बरोबरची खूण करत होत्या. दहावी, बारावी, सहाही सेमिस्टर, टीसी, मायग्रेशन. माझ्या नॉन-क्रिमीलेअरवर पेन्सिल थांबली. त्यांनी तो उलटा करून मागची कोरी बाजू बघितली आणि विचारलं, "सेंट्रल फॉरमॅट?" मला प्रश्नच कळला नाही. हाच आहे, तीन वर्षांचा आहे, असं मी सांगत राहिले. त्यांनी माझ्याच हातातलं माहितीपत्रक घेतलं, पान काढलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. ओळीशेजारी माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'आहे'. घरी यादी तपासताना मी ती ओळ वाचली होती, 'केंद्रीय नमुना' हे शब्दही वाचले होते, आणि आपल्याकडे दाखला आहे म्हणून पुढे गेले होते. चूक माझी होती, हे आधी मान्य करते.

त्या बाई चांगल्या होत्या. हमीपत्र लिहून घेतलं आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. पंधरा दिवस मला भरपूर वाटले.

मुंबईत येऊन दुसऱ्याच दिवशी मी आधीचा दाखला ज्या कार्यालयातून काढला होता तिथे गेले. नाव लिहीत नाही. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "हाच सगळीकडे चालतो, तुम्हाला तिकडे उगाच फिरवतायत." मी माहितीपत्रकाचं पान दाखवलं, ते त्यांनी वाचलं नाही. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी अर्ज घेतला. आठवड्याने दाखला आला तो पुन्हा राज्याचाच, फक्त तारीख नवी. अर्जात नमुना निवडताना भरणाऱ्याने नेहमीचाच निवडला होता आणि मी पावती न वाचता पर्समध्ये टाकली होती. मग नवा अर्ज, नवी पावती. रोज दादरला गाडी बदलून जायचं आणि ऐकायचं, "डेस्कला आहे." कुणाच्या डेस्कला, ते कुणी सांगेना. "साहेब सहीला बसले नाहीत." "सर्व्हर डाउन आहे." एकदा मला सांगितलं की वडिलांचा पगार धरला तर उत्पन्न मर्यादेबाहेर जातंय. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर. उत्पन्नाच्या कसोटीत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं आणि त्यांनाही बहुतेक नव्हतं. मर्यादा तेव्हा सहा लाख होती, २०१७ पासून आठ लाख झाली. पगाराचा हा घोळ अजून होतो, म्हणून लिहून ठेवतेय. आईवडिलांचं पद कुठल्या गटातलं आहे तो भाग वेगळा, तो वेगळाच तपासतात.

परत आल्यापासून तेविसाव्या दिवशी दाखला हातात आला. तोवर जागा प्रतीक्षायादीतल्या कुणाला तरी गेली होती. तो दाखला अजून माझ्या फाइलमध्ये आहे, एकदाही न वापरलेला.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. त्याच वर्षी लोकप्रशासनाच्या पेपरात मी नागरिकांच्या सनदेवर (कुठली सरकारी सेवा किती दिवसांत मिळेल याची जाहीर हमी) अख्खं उत्तर लिहून आले होते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झालाय, हे त्यात होतं. आणि खिडकीसमोर तेवीस दिवस उभं राहताना मला तो कायदा आठवला नाही. त्या कायद्यात प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आहे, जबाबदार असा पदनिर्देशित अधिकारी आहे, मुदत टळली की प्रथम अपील, मग द्वितीय अपील आणि विनाकारण उशीर केल्यास पाचशे ते पाच हजार रुपये दंड. अर्जाच्या पावतीवर तारीख असते. ती जपून ठेव. मुदतीच्या दुसऱ्या दिवशी भांडण नको, आवाज चढवणं नको, फक्त एवढंच म्हण: "मला प्रथम अपील करायचंय, अपील प्राधिकारी कोण?" नंतर मी आत्येभावासाठी हे करून पाहिलं, दाखला दोन दिवसांत मिळाला. प्रत्येक ठिकाणी असंच होईल असा दावा करत नाही.

तुझं वेळापत्रक यावर बसव. अलीकडे सीयूईटी-पीजी मार्चच्या सुमारास होते आणि फॉर्म त्याच्या दोन-तीन महिने आधी भरायचे असतात. फॉर्म भरताना प्रवर्ग बरोबर निवड. दाखल्याचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टाक, निकालाची वाट बघू नकोस. जूनमध्ये सगळी मुंबई अकरावी आणि इंजिनिअरिंगच्या दाखल्यांसाठी त्याच खिडकीवर असते.

आता थोडं करिअरबद्दल, माझी मतं म्हणूनच वाच.

राज्यशास्त्र म्हणजे स्पर्धा परीक्षा, हे समीकरण मला पटत नाही. ज्याला ती द्यायची त्याने जरूर द्यावी, मुंबईत सीएसएमटीजवळ शासनाचीच राज्य प्रशासकीय व्यावसायिक शिक्षण संस्था आहे, तिची प्रवेश परीक्षा द्यावी. पण 'दुसरं काही सुचत नाही' म्हणून चार-पाच वर्षं घालवलेले माझ्या वर्गातले चेहरे मला माहीत आहेत. त्यातल्या दोघांना उत्तम लिहिता येत होतं. त्यांना कुणी सांगितलंच नाही की लिहिणं आणि कागद वाचता येणं याचे पैसे मिळतात.

ते मिळतात. पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे, पदवीधर आणि पंचविशीच्या आतला उमेदवार, जवळपास वर्षभर एका खासदाराबरोबर संसदेच्या कामावर. राज्य शासनाची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ साली सुरू झाली, मध्ये बंद पडली, २०२३ ला पुन्हा सुरू झाली. वय २१ ते २६, पदवीला साठ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव मागतात. अनुभवाची अट लोक शेवटी वाचतात. मराठी लिहिता-वाचता येणं तिथे सक्तीचं आहे, तुझ्यासाठी ते चांगलंच. प्रजा फाउंडेशन मुंबई महापालिकेवर आकडेवारीचं काम करतं, कुलाब्याला गेटवे हाऊस परराष्ट्र धोरणावर काम करतं, दोन्हीकडे इंटर्नशिपसाठी विचारून बघ. एमएला गेल्यावर विभागात विचार: हिवाळी अधिवेशनात नागपूरला विधिमंडळाचा संसदीय अभ्यासवर्ग होतो, राज्यशास्त्र आणि लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांसाठी. पुस्तकातला लक्षवेधी सूचनेचा परिच्छेद आणि सभागृहात ती पुकारली जाताना गॅलरीतून बघणं यात फार फरक आहे.

एक करू नकोस. कुणा नेत्याच्या कार्यालयात 'पॉलिटिकल इंटर्न' म्हणून बिनपगारी वाढदिवसाचे बॅनर आणि रील बनवत बसू नकोस. प्रमाणपत्र मिळतं, पण मुलाखतीत सांगायला काही नसतं. त्यापेक्षा आपला प्रभाग घे. मुंबईत २२७ प्रभाग आहेत, मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे बराच काळ प्रशासकाने कारभार पाहिला. त्या काळात तुझ्या विक्रोळीतल्या एका रस्त्याचा किंवा एका दवाखान्याचा निर्णय कुणी, कोणत्या कागदावर घेतला, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचार. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. उत्तर आलं तरी त्यावर आठ पानं लिहिता येतात, नाही आलं तरी लिहिता येतात. मी एमएला असंच एक काम केलं होतं, आणि पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत माझ्या टक्क्यांबद्दल कुणी विचारलं नाही, त्या आठ पानांबद्दल अर्धा तास विचारलं.

मराठी माध्यमाचं. सीयूईटीचा राज्यशास्त्राचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, ७५ प्रश्न, बरोबरला चार गुण आणि चुकला की एक वजा. तुला विषय येतो, शब्द अडवतात. 'अधिमान्यता' वर तू दोन पानं लिहिशील आणि पेपरात 'लेजिटिमसी' दिसलं की क्षणभर गोंधळशील. भाषा संचालनालयाचा राज्यशास्त्र परिभाषा कोश आहे, त्यातून एक वही कर, डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर इंग्रजी शब्द. मी रोज दहा शब्द भांडुप ते सीएसएमटी प्रवासात पाठ करायचे. फाटकी झाली तरी ती वही नेटलाही उपयोगी पडली. क्लासची पुस्तकं मात्र घेऊ नकोस, निदान पहिल्या वर्षी तरी. मराठी विश्वकोशातल्या नोंदी फुकट आहेत आणि त्यांहून बऱ्या आहेत.

घरच्यांना बीएड पटतंय तर त्यांच्याशी आकड्यांत बोल. एमएनंतर नेटला जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना सदतीस हजार रुपये मिळतात. माझ्या बाबांचा विरोध तेव्हाचा आकडा ऐकून मावळला, तो याहून कमी होता तरी. दिल्ली दूर आहे हे आईचं म्हणणं मात्र शेवटपर्यंत टिकलं, आणि मी शेवटी कलिन्यालाच एमए केलं. तिथे मला उत्तम शिक्षक मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. गेलेल्या वर्षाबद्दल आहे.

आज रात्री एवढंच कर. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर राज्यनिहाय केंद्रीय यादी आहे. महाराष्ट्र काढ आणि आपली जात शोध. नावाचं स्पेलिंग तुझ्या जातीच्या दाखल्यावरच्या स्पेलिंगशी ताडून बघ. समोर ठरावाचा क्रमांक आणि तारीख असते, ती उतरवून घे, केंद्राच्या नमुन्यात ती भरावी लागते आणि खिडकीवर कुणाला ती पाठ नसते. यादीत पोटजात सापडत नसेल तर इथेच लिही, जात सांगायची गरज नाही, नुसतं 'सापडत नाही' एवढं लिही. यादी कशी वाचायची ते मी सांगते.