चौकात सिग्नल पाहिजे असेल तर आधी गाड्या मोजा

तुम्ही विचारलंय की कोल्हापुरात तुमच्या कॉलनीच्या तोंडाशी असलेल्या चौकात रोज गाड्या एकमेकांवर येतात, शंभरभर सह्यांचं निवेदन दिलं, पेपरात फोटोपण आला, सहा महिने झाले तरी काही हललं नाही, तर सिग्नल बसवून घ्यायला नक्की काय करावं लागतं. मी यातनं गेलेय म्हणून जरा सविस्तर लिहिते. शहराच्या दक्षिणेकडं एका चौकाच्या कोपऱ्यावर माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे, समोर शाळा, सकाळी सातपासनं रात्री नऊपर्यंत तो चौक माझ्या डोळ्यांसमोर असतो. तिथं सिग्नल लागायला आम्हाला तीन वर्षं लागली आणि त्यातलं पहिलं दीड वर्ष आम्ही पण तुमच्यासारखं नुसती निवेदनं देण्यात घालवलं.

पहिली गोष्ट, रस्ता कुणाचा आहे ते शोधा. साधं वाटतं पण इथंच सगळे अडकतात. शहरातले बरेच रस्ते महापालिकेचे, काही पीडब्ल्यूडीचे, काही राष्ट्रीय महामार्गाचे, आणि आपल्याकडं हद्दीचा वेगळाच गुंता आहे. १९७२ ला महापालिका झाली, त्यानंतर शहर पाचगाव, कळंबा, उचगावपर्यंत पसरत गेलं पण हद्दवाढीचं घोंगडं इतकी वर्षं भिजतच पडलं, त्यामुळं उपनगरातले कितीतरी चौक असे आहेत की एक रस्ता महापालिकेच्या हद्दीत आणि पलीकडची गल्ली ग्रामपंचायतीत. आमचा चौक नेमका तसला. एका ऑफिसात म्हणायचे हा भाग आमचा नाही, दुसऱ्या ऑफिसात म्हणायचे पोलिसांचं पत्र आणा, तिसरीकडं म्हणायचे रस्ता ज्याचा त्यानं खर्च करायचा, आणि यात आमच्या कॉलनीतले रिटायर झालेले काका दर आठवड्याला केएमटीच्या सिटी बसनं हेलपाटे मारायचे. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि चारच गोष्टी विचारल्या: या चौकातले चारही रस्ते कुणाच्या मालकीचे, इथं वाहतुकीचा सर्व्हे कधी झालाय का, झाला असेल तर त्याची प्रत, आणि गेल्या तीन वर्षांत इथं किती अपघातांची नोंद आहे. कायद्यानं तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आलं नाही तर अपील करता येतं. आम्हाला अपील करावं लागलं, पण मालकी कागदावर आली आणि टोलवाटोलवी तिथं थांबली.

दुसरं समजून घ्या की शहरात खांब, दिवे, वायरिंग, त्याची दुरुस्ती हे महापालिका बघते आणि सिग्नल कुठं हवा, चालवायचा कसा हे पोलिसांची शहर वाहतूक शाखा सांगते. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, ही शाखा जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली येते. म्हणून एकच अर्ज दोन्हीकडं द्यायचा, आणि दोन्ही अर्जांत दुसरीकडं पण दिलाय असं लिहून पोच घ्यायची.

आता मुद्द्याचं. आमच्या निवेदनात आम्ही काय लिहिलेलं, अत्यंत वर्दळीचा चौक, नागरिक जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात वगैरे. खोटं काहीच नव्हतं. पण एका तरुण इंजिनिअरनं आम्हाला खुर्ची देऊन नीट बसवून सांगितलं की ताई, माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक निवेदनात हेच असतं, मी वर काय म्हणून पाठवू, तासाला किती गाड्या जातात ते सांगा. मला आधी राग आला, मोजायचं काम आमचं का म्हणून, पण नंतर पटलं, कारण सिग्नल द्यायचा की नाही याचे खरोखरच आकड्यातले नियम आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसचं ९३ नंबरचं कोड आहे, १९८५ चं. त्यात साधारण असं आहे की दोन्ही रस्त्यांना एकेकच लेन असेल तर मोठ्या रस्त्यावर दोन्ही दिशा मिळून तासाला ६५० गाड्या आणि आडव्या रस्त्यावर जी बाजू जास्त भरलेली तिकडनं २०० गाड्या, हे दिवसातल्या कुठल्याही आठ तासांत दिसलं पाहिजे. रस्ता रुंद असेल तर आकडे वाढतात. चालणाऱ्यांसाठी वेगळा निकष आहे, तासाला ६०० गाड्या आणि १५० माणसं मोठा रस्ता ओलांडणारी, हे पण आठ तास. आणि अपघातांचा वेगळा, बारा महिन्यांत नोंद झालेले पाच किंवा जास्त अपघात, ते पण सिग्नलमुळं टळले असते अशा प्रकारचे.

मग आम्ही मोजलं. तालीम मंडळातली पोरं रास्ता रोको करायचा म्हणत होती आणि त्यांचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही, शहरातल्या रस्त्यांवर टोल लावला त्या वेळी अख्खं कोल्हापूर रस्त्यावर उतरलं म्हणूनच टोल गेला. पण त्याच लढ्यात मोर्चांच्या जोडीला रस्त्यांच्या कामाचं मूल्यांकन पण झालं होतं, आकडे मांडले गेले होते, हे मी त्यांना सांगितलं आणि पोरं मोजायला तयार झाली. चार रस्त्यांवर दोन दोन माणसं, एक येणाऱ्या गाड्या बघून बोलणार, दुसरा कागदावर रेघा मारणार, चार उभ्या आणि पाचवी आडवी. पंधरा पंधरा मिनिटांचे रकाने. दुचाकी, रिक्षा, चारचाकी, बस-ट्रक, ट्रॅक्टर, सायकल असं वेगळं वेगळं लिहायचं, कारण इंजिनिअर लोक त्याचं पीसीयूत रूपांतर करतात, कारला एक धरून बाकीच्या गाड्यांची बरोबरी काढतात, नुसती बेरीज दिली तर ती त्यांच्या कामाची नाही. सरळ गेला, डावीकडं वळला, उजवीकडं वळला हे पण लिहायचं, ही चूक आम्ही पहिल्या दिवशी केली आणि सगळं परत मोजावं लागलं. चालत जाणाऱ्यांना एक स्वतंत्र माणूस लागतो, आमच्याकडं ते काम शाळेतल्या पोरांच्या आयांनी केलं, डबा द्यायला आल्या की तासभर थांबायच्या. समोरच्या गच्चीवरनं मोबाईलवर व्हिडिओ पण काढला, म्हणजे उद्या कुणी शंका घेतली तर दाखवायला काहीतरी पाहिजे.

दिवस नीट निवडा. नवरात्रात मोजू नका, अंबाबाईला येणाऱ्या बाहेरच्या गाड्यांनी आकडा फुगतो आणि कुणी त्यावर बोट ठेवलं की मेहनत पाण्यात. शाळेची सुट्टी असताना पण नको. आम्ही दोनदा मोजलं, एकदा पावसाळ्यात आणि एकदा गाळप हंगामात, कारण नोव्हेंबरपासनं मार्चपर्यंत आमच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जातात, मागं दोन दोन ट्रॉल्या, आणि असला ट्रॅक्टर चौकात वळायला लागला की त्याच्या आडून येणारी सायकल कुणाला दिसतच नाही. हा फरक कागदावर आला म्हणून त्याची दखल घेतली गेली.

आणि खरं सांगते, मोजल्यावर गाड्यांच्या निकषात आम्ही बसलोच नाही. आठ तासांऐवजी सहाच तास आकडा वर जात होता, दुपारी चौक बऱ्यापैकी मोकळा. मला वाटत होतं दिवसभर तुंबलेला असतो, दुकानात बसून तसंच दिसायचं. दोन दिवस सगळ्यांची तोंडं पडली, एकानं तर सुचवलं की दोन तासांचे आकडे थोडे वाढवून टाकूया. मी नाही म्हणून सांगितलं, कारण ऑफिसवाले स्वतः येऊन मोजणारच आणि एक खोटा आकडा सापडला तर बाकीचे खरे पण गेले. आम्ही आहे तसं दिलं आणि जोर दुसरीकडं लावला, शाळा भरताना आणि सुटताना रस्ता ओलांडणारी पोरं आणि अपघात.

अपघातांचं मात्र लई मनाला लागलं. माहिती अधिकारात उत्तर आलं तेव्हा तीन वर्षांत त्या चौकात नोंद झालेले अपघात दोन. दोन! मी स्वतः माझ्या दुकानातनं पाण्याची बाटली घेऊन कितीवेळा धावलेय. आमच्या शेजारच्या काकांचा पाय तिथंच मोडला, सहा महिने घरात पडून होते, पण धडक देणारा पोरगा ओळखीतला निघाला, दवाखान्याचा खर्च दिला, विषय मिटला, पोलिसांत कुणी गेलंच नाही. एका मावशींचा दुधाचा कॅन आणि मनगट दोन्ही गेलं, त्या म्हणाल्या कशाला पोरांच्या मागं कोर्टकचेरी. आपल्याकडं सगळं जागेवर मिटवतात आणि त्यात माणुसकी पण असते हे मला मान्य आहे, पण त्यामुळं सरकारदरबारी तो चौक कागदावर एकदम सुरक्षित राहतो. पोलीस अपघाताची माहिती आता आयरॅड नावाच्या सिस्टीमवर ठिकाणासकट भरतात, पण कळवलंच नाही तर भरणार काय? तेव्हापासनं मी दुकानात एक वही ठेवली, तारीख, वेळ, कुठनं कुठं गाडी जात होती, कुणाला लागलं, फोटो. आणि कुणाला खरंच दुखापत झाली तर मी सोबत जाऊन नोंद करायला लावते, भांडण नको असेल तर तडजोड नंतर करा पण नोंद करा. तुम्ही बाकी काही नाही केलं तरी ही वही आजपासनं सुरू करा.

हे सगळं घेऊन आम्ही जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडं गेलो. जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात आणि पोलीस, आरटीओ, पीडब्ल्यूडी, महापालिका असे सगळे तिथं एका टेबलावर येतात, म्हणजे पत्र आणा पत्र आणा हा प्रकार तिथं चालत नाही. बैठकीच्या आधी लेखी विषय द्यायचा आणि नंतर इतिवृत्ताची प्रत मागायची, कुणी काय कबूल केलं ते त्यात असतं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन पण वापरता येतो, त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.

समितीत पहिला प्रश्न आला की सिग्नलच्या आधी बाकीचं करून बघितलंय का. तेव्हा वाईट वाटलं पण आता मला तो प्रश्न बरोबर वाटतो. कोपऱ्यावर लागणाऱ्या गाड्या, वडापवाल्यांचा म्हणजे शिटा भरून नेणाऱ्या खासगी गाड्यांचा थांबा, फळांच्या हातगाड्या आणि हो, माझ्या दुकानाचा बोर्ड, यामुळं आडव्या रस्त्यानं येणाऱ्याला काहीच दिसत नव्हतं. मी माझा बोर्ड मागं घेतला, गिऱ्हाइकांना गाड्या पुढं लावायला सांगायला लागले, वडापवाल्यांशी बसून बोललो, ते चौकापासनं लांब थांबायला तयार झाले. मग झेब्रा मारला, ब्लिंकर बसला, आडव्या रस्त्यांवर स्पीड ब्रेकर झाले. स्पीड ब्रेकर मात्र स्वतः घालू नका हो, गल्लीत रात्रीत डांबर ओतून उंचवटा करतात त्यानं पाठीमागं बसलेल्या बाया पडतात. त्याचं पण माप आहे, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, आधी पट्टे आणि बोर्ड. एवढं केल्यावर धडका कमी झाल्या पण शाळेच्या वेळेला पोरांना वाट मिळेना ती मिळेनाच, आणि ते आमच्या वहीत दिसत होतं, त्यावर मग सरकारी सर्व्हे झाला आणि सिग्नल मंजूर झाला. खांब उभे राहिल्यावर वीज जोडणीसाठी आणखी दोन महिने गेले तेवढं धरून चाला.

सिग्नल सुरू झाला त्या दिवशी आम्ही पेढे वाटले आणि चौथ्या दिवशी परत अर्ज लिहायला बसले. कारण चालणाऱ्यांचा दिवा इतका कमी वेळ होता की आजी अर्ध्यात पोचल्या की गाड्या सुटायच्या. हिशोब सोपा आहे, माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात, रस्ता १२ मीटर असेल तर निदान १० सेकंद पाहिजेत, आणि म्हाताऱ्या माणसाला, कडेवर पोरगं असलेल्या बाईला त्याहून जास्त. आम्ही टेप लावून रस्ता मोजला, पाच आज्यांना चालवून मोबाईलवर वेळ घेतली आणि तेवढंच एका पानावर लिहून दिलं. आठवड्यात सेकंद वाढले. पहिल्या निवेदनाला दीड वर्षात उत्तर आलं नव्हतं. आता रात्री अकरानंतर तो पिवळ्या ब्लिंकिंगवर ठेवावा म्हणून मागणी चाललीय, कारण रिकाम्या रस्त्यावर लाल दिवा लोक पाळत नाहीत आणि मग तीच सवय सकाळी शाळेच्या वेळेला दिसते.

तुमचा चौक नेमका कुठला, हद्दीच्या आत की काठावर, तिकटी आहे की चार रस्ते, ते लिहा. अर्ज कुणाच्या नावानं करायचा ते त्यावर ठरतं, आणि मोजायला किती माणसं लागतील ते पण मला तेव्हाच सांगता येईल.