उद्योजकता प्रशिक्षणाने गरिबी खरोखर हटते का?

बँक, रस्ता आणि बाजारपेठ यांपासून दूर राहिलेल्या वस्त्यांत व्यवसायाचे प्रशिक्षण दिल्यास तेथील कुटुंबे गरिबीतून बाहेर पडतील का, असा आपला प्रश्न आहे. असे वर्ग मी काही वर्षे घेतले आहेत. नुसत्या प्रशिक्षणाने ते क्वचितच साधते, असे माझे मत झाले आहे.

सुरुवातीला मी ताळेबंद शिकवत असे. कपडे शिवणाऱ्या एका बाईंनी कापड, दोरा आणि बटणे यांचा खर्च पैपैसकट लिहून आणला होता. मात्र शिवणकामात गेलेल्या तासांची मजुरी त्यात कोठेच नव्हती. विचारल्यावर त्या म्हणाल्या, "घरच्या घरी केलं, त्याचे कसले पैसे?" माझ्या साऱ्या अभ्यासक्रमात हा प्रश्न एकदाही आला नव्हता.

डोमिनिकन रिपब्लिकमधील लहान व्यावसायिकांवरचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मी नंतर वाचला. तेथे काहींना रीतसर हिशेबशास्त्र शिकवले गेले, तर काहींना साधे ठोकताळे: घरचे आणि धंद्याचे पैसे दोन वेगळ्या खणांत ठेवायचे, आणि एकातून दुसऱ्यात उचल केली तर चिठ्ठी लिहून ठेवायची. हिशेब ठेवण्याच्या सवयी सुधारल्या त्या ठोकताळे शिकलेल्यांच्या. टोगोमध्ये १,५०० व्यावसायिकांवर झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्वतःहून पुढाकार घेण्याचे, अडचणींचा आधीच विचार करण्याचे प्रशिक्षण मिळालेल्यांचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. पारंपरिक प्रशिक्षणाने झालेली वाढ मात्र खात्रीने सांगता येण्याइतकी नव्हती.

तरीही हे बहुतेक आधीपासून धंदा करणारे लोक होते. ज्यांच्याकडे विकायलाच काही नाही, त्यांच्यासाठी बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने २००२ मध्ये सुरू केलेला मार्ग मला अधिक पटतो: आधी जनावरासारखे उत्पन्न देणारे साधन, काही महिने पोटापाण्याचा आधार, प्रशिक्षण, बचत आणि नियमित घरभेटी. सहा देशांत याच धर्तीवर राबवलेल्या कार्यक्रमांचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले आणि मदत थांबून वर्ष उलटल्यावरही एकंदरीत लाभ टिकून असल्याचे दिसले. अर्थात होंडुरासमध्ये दिलेल्या कोंबड्यांपैकी बऱ्याच रोगाने मेल्या. तेथे उत्तम वर्गही काय करणार?

आणखी एक गोष्ट आम्ही प्रशिक्षक सहसा बोलून दाखवत नाही. वर्गात बसलेल्या कित्येकांना मुळात धंदा करायचाच नसतो; दरमहा ठरलेला पगार मिळाला, तर ते दुसऱ्याच दिवशी दुकान बंद करतील आणि त्यात मला काहीही गैर वाटत नाही. अशा माणसाला प्रमाणपत्राबरोबर कर्जाचा अर्जही हाती देणे मात्र मी बंद केले आहे, कारण धंदा बसला तरी हप्ते चुकत नाहीत.