कास्त्रातो गायकांची कारकीर्द कशी असायची? बालगंधर्वांसारखीच का?

तुम्ही विचारलंय की जुन्या इटालियन ऑपेरातल्या कास्त्राती गायकांची कारकीर्द नेमकी कशी असायची, आपल्या बालगंधर्वांसारखे ते स्त्रीभूमिका करायचे का, आणि तो आवाज आज कुठे ऐकायला मिळतो का. मी बारा वर्षं ख्याल शिकलो, आणि गेली काही वर्षं या गायकांबद्दल मिळेल ते वाचत आलोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा आवाज तेराव्या वर्षी फुटला. काळी चारमध्ये सहज फिरणारा गळा एका पावसाळ्यात घोगरा झाला आणि गुरुजींनी काही महिने मला तार षड्ज लावू दिला नाही. कास्त्राती (एकजण असेल तर कास्त्रातो) म्हणजे ज्यांच्या आयुष्यात हा पावसाळा येऊच दिला नाही अशी मुलं. साधारण आठ ते बारा वर्षांच्या, गोड गळ्याच्या मुलाचं खच्चीकरण करायचे. त्यामुळे स्वरयंत्र लहान मुलाचंच राहायचं, शरीर मात्र वाढत राहायचं. हाडांची वाढ वेळेवर थांबत नसल्यामुळे यातले बरेचजण उंच व्हायचे, छातीचा पिंजरा मोठा व्हायचा. म्हणजे गळा मुलाचा आणि दमसास धिप्पाड पुरुषाचा.

हे सुरू झालं चर्चमधून. बायकांनी चर्चमध्ये गायचं नाही असा दंडक होता, आणि वरचे सूर तर हवे होते. १५८९ साली पोप पाचव्या सिक्स्टसने सेंट पीटर्सच्या गायकवृंदात कास्त्राती घेण्याची व्यवस्था केली. त्याच चर्चच्या नियमानुसार खच्चीकरण करणाऱ्याला बहिष्काराची शिक्षा होती. त्यामुळे प्रत्येक घरी एक अपघात सांगितला जायचा: घोड्याने लाथ मारली, रानडुकराने चावा घेतला. चार्ल्स बर्नी हा इंग्रज संगीतज्ञ १७७० साली इटलीभर फिरला आणि ही शस्त्रक्रिया कुठे होते ते विचारत राहिला. मिलानमध्ये त्याला सांगितलं, व्हेनिसला. व्हेनिसमध्ये म्हणाले, बोलोन्याला. बोलोन्यातल्यांनी कानावर हात ठेवले आणि फ्लोरेन्सचं नाव घेतलं, फ्लोरेन्सने रोमचं, रोमने नेपल्सचं. मला वाटतं, लाज सगळ्यांनाच होती. आणि ऐकायला मात्र सगळे जायचे.

आता महत्त्वाचा गैरसमज. आवाज सुरीने तयार झाला असं बरेचजण समजतात. सुरीने फक्त एक बदल थांबवला. गळा तयार केला तो तालमीने, आणि ती तालीम वाचली की मन थक्क होतं. सतराव्या शतकात रोममधल्या एका गायनशाळेत मुलांचा दिनक्रम असा होता: सकाळी एक तास अवघड जागा गायच्या, एक तास कंपनाचा रियाज, एक तास तानांचा, एक तास गुरूसमोर आरशात बघून गायचं, म्हणजे तोंड वेडंवाकडं होऊ नये. (आपल्याकडेही मुद्रादोष काढायला गुरू आरसा समोर ठेवतात, ते वाचून मला फार जवळचं वाटलं.) दुपारी संगीतशास्त्र, रचना, लिहिणं-वाचणं. कधी शहराच्या वेशीबाहेर नेऊन डोंगराच्या प्रतिध्वनीसमोर गायला लावायचे, म्हणजे आपला आवाज परत कसा येतो ते ज्याचं त्याला कळावं. नेपल्समध्ये अनाथ मुलांसाठी निघालेल्या चार संस्था पुढे संगीतशाळाच झाल्या होत्या. त्यातल्या सांतोनोफ्रियोमध्ये बर्नीने सोळा कास्त्राती मुलं पाहिली. सर्दी होऊ नये म्हणून त्यांना वरच्या मजल्यावर, इतरांपेक्षा उबदार खोल्यांत झोपवायचे.

बालगंधर्वांच्या तुलनेबद्दल. अर्धी तुलना खरी आहे. रोममध्ये बायकांना रंगभूमीवर बंदी होती, त्यामुळे तिथे कोवळे कास्त्राती नायिका व्हायचे. पण एकदा नाव झालं की ते नायक होत, आणि हेच आपल्याला पचायला जड जातं. त्या काळच्या कानाला उंच, चमकदार आवाज म्हणजे शौर्य, राजेपण. हँडल या संगीतकाराच्या १७२४ च्या ऑपेरात ज्यूलियस सीझर झाला तो सेनेसिनो, कास्त्रातो. १७३८ मध्ये पर्शियाचा सम्राट झर्क्सेस झाला तो काफारेल्ली, कास्त्रातो. बालगंधर्वांनी पुरुषाच्या देहात बाई उभी केली. हे लोक मुलाच्या गळ्याने सेनापती उभे करत होते.

कारकीर्दीचं उदाहरण म्हणून फारिनेल्लीच घेतो, कारण त्याचीच सर्वांत चांगली नोंद आहे. खरं नाव कार्लो ब्रोस्की, जन्म १७०५, दक्षिण इटलीतलं आंद्रिया. त्याच्याबाबतही घोड्यावरून पडल्याची कथा सांगतात. घर गरीब नव्हतं, थोरला भाऊ रिकार्दो संगीतकार होता. गुरू मिळाला नेपल्सचा निकोला पोर्पोरा, त्या काळातला सर्वांत कडक आणि सर्वांत यशस्वी गायनशिक्षक. १७२० मध्ये, पंधराव्या वर्षी, तो लोकांसमोर गायला. त्या कार्यक्रमाचं काव्य मेतास्तासिओ नावाच्या तरुण कवीचं होतं, जो पुढे युरोपभर गाजला. दोघांची मैत्री जन्मभर टिकली, पत्रांत ते एकमेकांना ‘जुळा भाऊ’ म्हणत.

मग रोम. तिथला प्रसंग बर्नीने लिहून ठेवला आहे. एका पदात तुतारीची साथ होती. रोज रात्री गायक आणि तुतारीवाला यांच्यात चढाओढ व्हायला लागली. आधी गमतीत, मग प्रेक्षक दोन बाजूंना वाटले गेल्यावर हट्टाने. एका रात्री दोघांनी एकच सूर धरला, हळूहळू फुगवत नेला, त्यावर कंपन घेतलं. तुतारीवाल्याचा श्वास संपला. त्याला वाटलं, समोरचाही आता थांबेल, बरोबरी झाली. फारिनेल्ली हसला आणि त्याच श्वासात, नव्या जोमाने, तोच सूर पुन्हा फुगवून त्याने जलद ताना सुरू केल्या. टाळ्यांच्या कडकडाटात तो थांबला. तेव्हा त्याचं वय सतराच्या आसपास.

या पदांची, आरियांची, बांधणी कळली तर मजा समजते. पहिला भाग, मग वेगळ्या भावाचा दुसरा, मग पुन्हा पहिला. तिसऱ्या फेरीत गायकाने स्वतःची नक्षी घालायची, ती कागदावर नसे. ख्यालात बंदिशीकडे परतताना आपण प्रत्येक वेळी नव्या वाटेने येतो, तसंच काहीसं. लोक ऐकायला यायचे ते त्या परतीसाठी.

व्हिएन्नात सम्राट सहाव्या चार्ल्सने त्याला सांगितलं की तुझ्या या अफाट ताना लोकांना चकित करतात, पण मनापर्यंत पोचायचं असेल तर साधी वाट धर. फारिनेल्लीने म्हातारपणी बर्नीला सांगितलं की या सल्ल्याने त्याचं गाणं बदललं. राजाने सांगितलं म्हणून नव्हे, पटलं म्हणून, असं मला त्या हकिगतीवरून वाटतं.

१७३४ मध्ये तो लंडनला गेला, हँडलच्या विरोधात उमरावांनी काढलेल्या कंपनीत. पैसा आणि नाव यांचं उत्तर इथे मिळतं. हंगामाची बिदागी सुमारे दीड हजार पौंड, शिवाय त्याच्या फायद्यासाठी लावलेला स्वतंत्र खेळ. युवराजाने हिऱ्यामाणकांनी मढवलेली सोन्याची तपकिरीची डबी दिली. ‘देव एक, फारिनेल्ली एक’ असं एक बाई नाटकगृहात ओरडल्याची गोष्ट इतकी पसरली की हॉगार्थ या इंग्रज चित्रकाराने ती आपल्या चित्रात घातली. तरीही तीन वर्षांत कंपनी बुडाली.

१७३७ च्या उन्हाळ्यात तो स्पेनला गेला आणि बरीच वर्षं तिथेच राहिला. राजा पाचवा फिलिप खोल उदासीनतेत बुडालेला होता, अंथरुणातून उठत नसे, दाढी करू देत नसे. राणी एलिझाबेथने शेजारच्या खोलीत फारिनेल्लीला गायला लावलं. राजाने मान वर केली. त्यानंतर राजा मरेपर्यंत, जवळजवळ नऊ वर्षं, तो रोज रात्री राजासाठी गात राहिला. तीच चार पदं, असं बर्नी लिहितो. युरोपातला सर्वांत मोठा गायक बत्तिसाव्या वर्षी रंगभूमीवरून उतरला तो पुन्हा कधीच चढला नाही. मला ही त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. पुढच्या राजाच्या काळात त्याने माद्रिदचा दरबारी ऑपेरा चालवला, १७५० मध्ये त्याला सरदारकीही मिळाली. १७५९ नंतर नव्या राजाने निवृत्तिवेतन देऊन निरोप दिला.

तो बोलोन्यात राहिला. बर्नी भेटला तेव्हा गात नव्हता, पण वाद्यं वाजवत होता, आणि वाद्यांना त्याने चित्रकारांची नावं दिली होती. सर्वांत लाडका पियानो राफाएल. मेतास्तासिओ एप्रिल १७८२ मध्ये गेला, फारिनेल्ली त्याच सप्टेंबरमध्ये.

पण हे नशीब मोजक्यांचं. बहुतेक मुलांचा आवाज तेवढा तयार होत नसे. ती एखाद्या चर्चच्या गायकवृंदात आयुष्य काढत, काहींना तेही नाही. लग्नाला चर्चची मनाई होती. तेंदुच्ची नावाच्या नामांकित गायकाने १७६६ मध्ये आयर्लंडमध्ये लग्न केलं, तर मुलीच्या घरच्यांनी त्याला तुरुंगात टाकायला लावलं आणि पुढे ते लग्न रद्द ठरलं. त्यामुळे कुणी ‘एवढा पैसा मिळाला म्हणजे भरपाई झालीच की’ असं म्हटलं तर मला राग येतो. आठ वर्षांच्या मुलाला त्यातलं काही विचारलेलं नव्हतं.

आवाज ऐकायला मिळतो का? एकाच एकलगायकाचा. आलेस्सांद्रो मोरेस्की, पोपच्या सिस्टीन गायकवृंदातला. १९०२ आणि १९०४ मध्ये त्याच्या तबकड्या निघाल्या. १९०२ चं ध्वनिमुद्रण गाइसबर्ग बंधूंनी केलं, आणि त्यातलाच फ्रेड गाइसबर्ग त्याच वर्षी नोव्हेंबरात कोलकात्यात गौहरजानचं गाणं मुद्रित करत होता. मोरेस्की ऑपेराचा गायक नव्हता, तेव्हा त्याच्यावरून फारिनेल्लीचा अंदाज बांधू नका. आधी एखाद्या चांगल्या काउंटरटेनरच्या, म्हणजे बायकांच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या, गळ्यातून रिकार्दो ब्रोस्कीने भावासाठी रचलेलं ‘सोन क्वाल नावे’ ऐका. मग रात्री, शांततेत, मोरेस्कीचं ‘आवे मारिया’. खरखर बरीच आहे. तिच्याआडून वरच्या सुराकडे जाताना तो खालून हुंदक्यासारखा एक कण घेतो, तेवढा नीट ऐका.